दोन बोटं माया

मासिकात मुलींसाठी चाळीस पानं,
झालर, घेर, फुग्याची बाही, पाठीवर मोठी गाठ.
मुलांसाठी शेवटची दोन.
त्यातही एक पायजमा.

इलारिओ ती दोन पानं अंगठ्याने घासून बघतो,
खाली अजून काही चिकटलेलं असेल तर.
"पापा, मला उभी राहणारी कॉलर हवी.
आणि आतून पिवळं.
बाहेरून कुणाला कळणार नाही असं पिवळं."

मी वालपराईसोच्या धक्क्यावर ताडपत्र्या शिवतो.
माझी सुई बोटाएवढी, दोरा मेणाचा,
माझा टाका ट्रकने ओढला तरी निघत नाही.
सहा वर्षांच्या पोराचा खांदा
ही वेगळी गोष्ट आहे.

रविवारच्या बाजारात तुकडा मिळाला,
कॉर्डुरॉय, डाळिंबी, जेमतेम दीड मीटर.
बाई म्हणाली, सोफ्याचं उरलंय.
कुणाचा सोफा, विचारलं नाही.

बेतायला कागद नव्हता म्हणून
कचेरीतून रद्द झालेले सागरी नकाशे आणले.
पाठीवर किनारा आला, बाहीवर नुसतं पाणी,
पाण्यात बारीक आकडे: अठ्ठावीस, एकतीस, दोनशे दहा.
"माझ्या कोपरापाशी किती खोल आहे?"
मी वाचून सांगतो.
तो कोपर जपून टेकवतो.

मिरेया रात्रपाळीला इस्पितळात गेली
की टेबल माझं.
टेकडीवर वारा पत्रे वाजवत असतो.
दोन्या ओतिलियाने मशीन उसनं देताना
एवढंच बजावलं होतं:
"हळू. ही ताडपत्री नाही."

मापाला तो खुर्चीवर उभा राहतो,
छाती फुगवून, गाल फुगवून.
"सोड श्वास."
"मग लहान होईन."
मी फुगलेल्या छातीचंच माप लिहून घेतो.
वर दोन बोटं माया.

तिसऱ्या रात्री कळलं,
डावी बाही उलटी बेतली गेली.
या कापडाला लव असते, मांजरासारखी,
एका बाजूने हात फिरवला तर निजते,
दुसऱ्या बाजूने अंगावर येते.
दिव्याखाली एक बाही डाळिंबाचा दाणा,
दुसरी डाळिंबाची साल.
कापड संपलेलं.
बाही उसवली, लावली, पुन्हा उसवली.
मिरेया घरात असताना देत नाही
ती शिवी दिली.
मग होती तशीच शिवून टाकली.

सकाळी तो खिडकीपाशी
दोन्ही हात पुढे धरून उभा राहिला.
बराच वेळ.
मी बिनसाखरेची कॉफी ढवळत बसलो.
"हा हात सावलीत आहे," तो म्हणाला.

एवढंच.
एकशे चौदा पायऱ्या उतरताना
त्याने कॉलर दोनदा नीट केली,
आणि खालच्या वळणावर, कुणी नाहीसं बघून,
एका कुत्र्याला जॅकेट उघडून
आतलं पिवळं दाखवलं.

हा दुसरा हिवाळा.
कोपरं झिजली. तिसरं बटण वेगळंच आहे.
खिशात बसचं तिकीट, गोगलगायीचा शंख,
अर्धं बिस्किट, ज्याला आता मऊ म्हणता येणार नाही.
मनगटं बाहेर आलीत.

मी बाहीची दुमड उसवतो.
स्वतःचेच टाके, निघता निघत नाहीत.
आत, दोन बोटं रुंद,
लव अजून उभी,
रंग अजून त्या रविवारचा.
धुऊन धुऊन विटलेल्या बाहीला
गडद काठ फुटतो.

"हे आधीपासून आत होतं?"

तोंडात टाचण्या आहेत,
मी नुसती मान हलवतो.